कोपरा गेला की ताव गेला

मिल बंद होणार अशी नोटीस आली, तेव्हा आमच्या खात्यातल्या चौदा बायकांनी ती आधी उजेडात धरली आणि मग वाचली. कुणाला खोटं वाटेल, पण असंच झालं. नोटीस आमच्याच मिलच्या कागदावर छापलेली होती. चौदा जणींनी चौदा कागद खिडकीकडे वर केले, डोळे बारीक केले, आणि माझ्या शेजारची म्हणाली की कडेला जाडी जरा कमी-जास्त वाटते. मी म्हटलं, असू दे, चालेल. मग त्यावर काय लिहिलंय ते वाचलं. तीन महिन्यांनी सगळं बंद. कुणी रडलं नाही. थोड्या वेळानं सुपरवायझर बाई आल्या आणि म्हणाल्या, हातातली थप्पी तरी संपवा. आम्ही संपवली.

त्याचं काय आहे, मी एकतीस वर्षं कागद निवडत आले. दुसरीकडे आता हे काम यंत्रं करतात म्हणे, पण आमची मिल जुनी आणि आमचा कागद जाड, दाखल्यांचा, दस्तांचा. तो हातानंच निवडायचा. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, आणि त्यावरून एकेक ताव सरकवायचा. डाग, गाठ, सुरकुती, भोक, काहीही दिसलं की वरचा उजवा कोपरा चिमटीत धरायचा आणि नखाएवढा फाडायचा. तो ताव बाद. पुन्हा लगद्यात. त्याला दाद नाही, फिर्याद नाही. साक्षात मालक येऊन उभा राहिला तरी कोपरा फाटलेला ताव चांगल्या थप्पीत जायचा नाही. कोपरा गेला की ताव गेला, असं आम्ही म्हणायचो.

हाताला इतकी सवय की डोक्याला कळायच्या आधी कोपरा फाटलेला असायचा. घरी तर विचारूच नका. लेकीच्या वहीचे कोपरे फाडले म्हणून बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं होतं. विजेचं बिल, डॉक्टरांची चिठ्ठी, दुकानदाराचं कॅलेंडर, काही सुटायचं नाही. हे, म्हणजे आमचे यजमान, मित्रांत बसले की सांगायचे, "लग्नाला तीस वर्षं झाली, माझा कोपरा अजून शाबूत आहे." आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. यांचा विनोद एकच, पण चालायचा.

हे दोन नंबरच्या मशीनवर होते. एका टोकाला पातळ लगदा पडायचा आणि दुसऱ्या टोकाला कागदाचा रोल गुंडाळला जायचा, मधे आख्खी गल्ली मावेल एवढी लांबी. त्या आवाजात यांचा डावा कान पार गेला आणि उजवा अर्धा. त्यामुळे यांचं बोलणं म्हणजे ओरडणं. "मीठ दे" म्हटलं तरी चार घरांना कळायचं की आमच्याकडे मीठ कमी पडलं. भिंतीला भिंत लागून यांची बहीण राहते, माझी नणंद. तिला आमच्याकडची काही खबर काढावी लागायचीच नाही, घरबसल्या पोहोचायची.

शेवटचा रोल यांनी काढला. तीन महिने भरत आले तेव्हा सगळ्यांनी हात सैल सोडले होते. कोण कशाला मरतंय आता, असं चाललं होतं. यांनी मात्र शेवटच्या रोलच्या आधी दोन दिवस चाळण्या स्वतः उतरवून धुतल्या, पाइप मोकळे केले, जाळीवर पाण्याचा मारा करत उभे राहिले. साठ जवळ आलेला माणूस, कोपरापर्यंत लगद्यात. रोल उतरला तेव्हा घरी येऊन म्हणाले, "त्यात एक डाग दाखव, नाव बदलून घेईन." त्याचे ताव कापून आमच्या टेबलावर आले. मी आणि शेजारचीनं मिळून सगळे पाहिले. एकही कोपरा फाडावा लागला नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. घरी येऊन मी तसं सांगितलं. त्या रात्री यांनी जेवताना दोनदा वाढून घेतलं.

मग मिल बंद झाली. त्याचं मी काय सांगू? मला काही वाटतच नव्हतं. वाटायला हवं, हे कळत होतं, पण वाटत नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, मग गाल चावला गेला तरी कळत नाही, तसं सगळं होतं. सकाळी उठायचे, डबा काढायचे, मग तो परत ठेवायचे. बाजारात आमच्या खात्यातली कुणी भेटली तर काय म्हणतेस, काय चाललंय, काही नाही, इतकंच बोलणं व्हायचं. हे टेबलापाशी बसायचे, टेबलावर पंजा पसरून. मशीन चालू असताना सबंध वस्तीला बारीक थरथर असायची, ती हाताला लागायची. आता काय लागणार? तरी पंजा तिथेच.

दीड महिन्यानं बातमी आली की दोन नंबरचं मशीन विकलं गेलं. लांबच्या कुठल्या तरी देशात एक मिल उभी राहत होती, त्यांनी घेतलं. ते खोलायला माणसं आली, आणि कुठला भाग कुठे बसतो हे सांगायला यांना बोलावलं. झालं. हा माणूस दुसऱ्या दिवशी पहाटेच दाढी करून तयार. दिवसभर पिवळ्या रंगाचा डबा घेऊन फिरायचे आणि एकेका बोल्टावर नंबर घालायचे. स्वतःच्या हातानं स्वतःचं मशीन खोलून देत होते, पण मी काही म्हटलं नाही, कारण यांची भूक परत आली होती. रात्री जेवताना सांगायचे, आज ड्रायरचे पहिले सहा सिलिंडर उतरले, आज जाळीचा भाग पुरा झाला. पुन्हा ओरडून बोलायला लागले. नणंद भिंतीपलीकडून ओरडून विचारायची, "दादा, आठवा सिलिंडर निघाला का?"

शेवटी खरेदीवाल्यांच्या साहेबानं सांगितलं की मशीन तिकडे उभं करायला आणि तिथल्यांना शिकवायला इथली तीन माणसं न्यायची आहेत. दोन वर्षांसाठी. राहायला खोली देतील, पण बायको-मुलं नाहीत. यांचं नाव पहिलं होतं, फक्त संमतीचा फॉर्म भरून गुरुवारी दुपारपर्यंत मिलच्या ऑफिसात द्यायचा.

यांनी मला विचारलं, जाऊ का? मी म्हटलं, जा की. खरंच तसं म्हटलं. काय म्हणणार? इथे बसून पंजा पसरण्यापेक्षा बरं. दोन वर्षं काय, बघता बघता जातील. लेकही फोनवर तेच म्हणाली. मी यांची बॅगसुद्धा काढून ठेवली. मशीनवरच्या लोकरी फेल्टचं जुनं कापड मिलमधले सगळे घरी पांघरायला आणायचे. आमच्यातलं त्यातल्या त्यात चांगलं होतं ते मी धुऊन वाळत घातलं. तिकडे थंडी असते म्हणे.

गुरुवारी सकाळी यांनी फॉर्म भरला, सही केली, दोनदा वाचला. ऑफिस उशिरा उघडायचं आणि एकदा कामाला लागल्यावर यांना दुपारपर्यंत सुटता येणार नव्हतं, शेवटचे भाग ट्रकवर चढवायचे होते, म्हणून म्हणाले, "तू देऊन ये." मी दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून नेला, दुमडला नाही. कागद दुमडून नेणारी मी नव्हेच.

ऑफिसात एकच माणूस उरला होता, चष्मा. त्याला सगळे चष्माच म्हणतात. वीस वर्षं तो आमच्या निवड खात्याच्या दारात बसून थप्प्या उतरवून घ्यायचा, आता आवराआवरीसाठी त्याला ऑफिसात बसवलं होतं. मी पुठ्ठे उघडले. फॉर्म शेवटच्या रोलमधल्या कागदावर छापलेला होता, हात लावल्याबरोबर कळलं. समोर खिडकी होती. मी तो वर धरला. कशाला धरला? सवय. आणि मला डाग दिसला. खाली डावीकडे, मोहरीएवढा. दिसला म्हणजे दिसला, आणि हातानं वरचा उजवा कोपरा फाडला.

मग मी तशीच उभी राहिले. चष्म्यानं कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "वहिनी, विचार केलाय ना नीट?"

मी म्हटलं, "केलाय."

त्यानं मान हलवली आणि फॉर्म घेतला. मी घरी आले आणि भाजी निवडायला बसले. यांनी संध्याकाळी विचारलं, दिलास? मी म्हटलं, दिला.

चार दिवसांनी मिलच्या फाटकावर यादी लागली. तीन नावं होती, यांचं नव्हतं. यांच्या जागी लंबूचं होतं. लंबू चांगला माणूस, पण त्याला मशीनचं फक्त शेवटचं टोक ठाऊक. हे यादी बघून आले आणि बूट न काढताच टेबलापाशी बसले. मी विचारलं तर म्हणाले, "कान." एवढंच म्हणाले. यांची समजूत झाली की कान गेलेत म्हणून साहेबानं नाव काढलं. मी म्हटलं, विचारून तर या. म्हणाले, विचारणार नाही. स्वाभिमान भारी. आणि मीही फार लावून धरलं नाही. तो कोपरा डोळ्यांसमोर आला होता तेव्हा, खोटं कशाला बोलू? पण ते तोंडावर आलं नाही, आणि मीही ओढून काढलं नाही. ट्रक गेले. लंबू आणि बाकीचे दोघे गेले. यांनी बॅगेतलं फेल्टचं पांघरूण काढलं आणि पुन्हा पलंगावर टाकलं.

विचारून कोण आलं? नणंद. तिला राहवलं नाही. तिच्या भावाच्या कानांना नाव ठेवतात म्हणजे काय, म्हणून तणतणत ऑफिसात गेली आणि तासाभरानं आमच्या दारात उभी राहिली. आत येऊन, यांच्या उजव्या कानापाशी वाकून म्हणाली, "दादा, कान नाही. फॉर्मचा कोपरा फाटलेला होता. चष्म्याला वाटलं, तुम्ही आपल्या पद्धतीनं नाही म्हणून कळवलंत."

बाहेरच्या कुणा माणसानं तो फॉर्म घेतला असता, तर त्याला काहीच वाटलं नसतं. कागद आहे, जरा फाटलाय, सही आहे, झालं. पण चष्मा आमचा. वीस वर्षं त्यानं फाटलेला कोपरा पाहिला की ताव बाजूला ठेवला. त्याच्याही हातानं तेच केलं. चूक त्याची म्हणू की माझी म्हणू? नणंदेनं मात्र ठरवून टाकलं होतं. माझ्याकडे बघत म्हणाली की काही बायकांना नवरा डोळ्यांसमोर लागतो, मग तो मेल्यासारखा बसला तरी चालेल.

यांनी मला विचारलं, "फाडलास?"

"डाग होता," मी म्हटलं. "हातानं फाडला. मी नाही."

यांनी टेबलावरचा पंजा उचलला. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या शेवटच्या कागदात डाग नव्हता."

त्यानंतर अकरा दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. मी भांडायला तयार होते, माझं तोंड काही कमी नाही. पण हे ताट पुढे आलं की जेवायचे, ताट गेलं की टेबलावर पंजा. मी समोर असून नसल्यासारखी. नणंद भांडी घासायची तीही आवाज न करता, म्हणजे इकडचं काही सुटू नये. बाजारात आमच्या खात्यातल्या बायका मला बघून भाजीत डोकं घालायच्या. कळलं होतं सगळीकडे. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, डाग होता, मोहरीएवढा, खाली डावीकडे. पण कुणी विचारलं नाही.

बाराव्या दिवशी मला माझाच संताप आला. म्हटलं, एकतीस वर्षं कागद निवडला, एक चांगला ताव कधी बाद केला नाही, आणि आता आख्ख्या वस्तीत मी खोटी? यांनाही दाखवते. तुमचा शेवटचा रोल तुमच्यापाशी, माझे डोळे माझ्यापाशी. चप्पल घातली आणि ऑफिसात गेले. चष्मा खोकी बांधत होता. मला बघून तो बिचारा उभाच राहिला. म्हणायला लागला, वहिनी, मी विचारलं होतं तुम्हाला, आठवतंय ना? मी म्हटलं, आठवतंय, तुझ्यावर काही नाही, मला तो फॉर्म दे. बाद कागदांची एक वेगळी थप्पी त्यानं सुतळीनं बांधून ठेवली होती. बंद पडलेल्या मिलमध्ये बाद कागद वेगळे बांधून ठेवणारा माणूस! त्यानं सुतळी सोडली आणि फॉर्म काढून दिला. मी न बघताच पुठ्ठ्यात घातला. घरी यांच्यासमोरच बघणार होते.

दुपारचे बारा वाजले होते, खिडकीत चांगलं ऊन होतं. हे टेबलापाशीच. भिंतीपलीकडून नणंदेच्या भांड्यांचा बारीक आवाज येत होता. मी पुठ्ठे उघडले आणि काही न बोलता फॉर्म वर धरला, डाग बोटानं दाखवता यावा म्हणून.

खाली डावीकडे काही नव्हतं.

मी कागद फिरवला. उलटा केला. तिरपा धरून पाहिला, गाठ असली तर सावली पडते म्हणून. मग हळूहळू वरपासून खालपर्यंत, टेबलावर पाहायचो तसा, पट्टी पट्टीनं पाहिला. शाई होती, यांची सही होती, आणि बाकी कागद दुधासारखा स्वच्छ. असा ताव मी आयुष्यात फार थोडा पाहिलाय. त्या दिवशी मला जे दिसलं होतं ते कागदात नव्हतं. मला हे जायला नको होते. बस, इतकंच होतं. दोन वर्षं या घरात एकटीनं ताट वाढून घ्यायचं नव्हतं मला, आणि ते मी तोंडानं म्हटलं असतं तर हा माणूस मुकाट्यानं राहिलाही असता. म्हटलं नाही. जा की, म्हटलं.

माझा हात खाली आला. यांनी उठून माझ्या हातातून फॉर्म घेतला. खिडकीपाशी गेले, वर धरला आणि बघत राहिले. यांची नजर अजून चांगली आहे, जे गेलंय ते कानांचं. एका नजरेत कळायला हवं होतं. तरी खूप वेळ बघत राहिले, कागदाकडे, मग फाटलेल्या कोपऱ्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं आता हे बोलतील आणि मग मी कुठे जाऊ?

"आहे," हे म्हणाले. नेहमीसारखंच, चार घरांना ऐकू जाईल असं. "खाली डावीकडे. बारीक आहे, पण डाग आहे. माझी चाळणी नीट धुतली गेली नसणार."

भिंतीपलीकडची भांडी थांबली.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण यांनी हात वर करून थांबवलं. मशीनवर माणसं एकमेकांना थांबवायची तसा. मग फॉर्म पुठ्ठ्यात ठेवला, पुठ्ठे माळ्यावर सारले आणि खुर्चीत येऊन बसले. त्या रोलमध्ये एकही डाग नव्हता, हे आम्हा दोघांना माहीत होतं. यांनी चहा मागितला. मी आधण ठेवलं.